चाल छान होती

गॅरेज सेलमधून आणलेल्या पियानोच्या स्टुलात शंभर वर्षांपूर्वीचं छापील गाणं निघालं. कव्हर फाटून गेलेलं. शब्द वाकड्यातिकड्या इंग्रजीत, ते कुणी वाचलेच नाहीत. लेकीने चाल वाजवली आणि माझ्या नवऱ्याने, ईश्वरने, त्या चालीवर भीमगीत बसवलं.

अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावच्या भीमजयंतीत अख्खा हॉल टाळ्या वाजवत गायला. पाहुण्या म्हणून आलेल्या शेजारच्या काळ्या आजी, मिस ओडेसा, तेवढ्या गप्प होत्या. नंतर त्यांनी फोनवर मला त्या गाण्याचं मूळ कव्हर दाखवलं. माकडासारखा रंगवलेला काळा माणूस, आणि गाण्याच्या नावातच शिवी.

"तेव्हा दुकानात पियानोवर वाजवून दाखवून हे विकायचे," एवढंच म्हणाल्या.

घरी आल्यावर ईश्वरला विचारलं, "शब्द वाचायला काय झालं होतं तुला?"

"चाल छान होती गं."

दुकानातली गिऱ्हाइकंही हेच म्हणाली असतील.