शहाण्णव रेघा

पोटाला पोचे पडलेले हे पितळी माप दिसते ना, मित्रांनो, तेच मी. पावशेरी माप. वीस तोळे पाणी काठोकाठ मावेल असे मला तुळजापूरच्या एका तांबटाने ठोकून घडवले. मुरुमच्या बाजारातून शांताक्काने मला घरी आणले. खोटे बोलणे मला येत नाही, अशी माझी फार घमेंड होती. ती कशी उतरली तेच सांगते.

तेव्हा शेर-तोळे चालत होते. शांताक्काची लेक शिवकांता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला मुलगी झाली आणि महिन्याभरात शिवकांता तापाने गेली. अंगावरचे दूध तुटलेली ती पोर, चंद्रप्रभा, आजीच्या मांडीवर उरली.

सरकारी नर्सबाई प्रेमलाताई आल्या. त्या म्हणाल्या, "अक्का, दिवसाला दोन मापं दूध, एक माप उकळलेलं पाणी. पोरीच्या पोटात किती जातंय ते लिहून ठेवा."

"मला कुठं लिव्हता येतंय, बाई?"

"मग दुधाच्या मापागणिक भिंतीवर कोळशानं रेघ मारा."

दूध शेजारच्या गजराबाईच्या म्हशीचे. धार काढली की ती चरवी हातभर उंच धरून दूध माझ्यात सोडायची. पांढराशुभ्र फेस माझ्या काठावर डोंगरासारखा चढायचा. आमच्याकडे फेस फुंकत नाहीत. फेस फुंकला तर म्हैस आटते, असे म्हणतात. शांताक्का मला तसेच पातेल्यात उपडे करायची आणि एक रेघ मारायची. तापवल्यावर दूध कमी दिसले, तर म्हणायची, "आटलं आसंल." पाण्याचे माप मात्र नेहमी काठोकाठ असायचे. पाण्याला फेस कुठला?

भिंत भरत गेली आणि पोर सुकत गेली. मांड्यांची कातडी लोंबू लागली. रडणे बारीक झाले. बायका म्हणाल्या, दृष्ट लागली. शांताक्काने मीठमोहऱ्या ओवाळल्या. मी कोनाड्यातून बघत होते. मला वाटायचे, मी तर रोज भरते आहे. माझे काय चुकले?

दीड महिन्याने प्रेमलाताई परत आल्या. त्यांनी रेघा मोजल्या. शहाण्णव. त्यांनी पोरीला उचलले, तर एवढ्या दुधाच्या मानाने ती फारच हलकी लागली. मग त्यांनी शेजारच्या बसप्पा दुकानदाराचा तराजू मागवला. आधी मला पाण्याने भरून तोलले. माझे स्वतःचे वजन वजा जाता वीस तोळे भरले. मग गजराबाईने नेहमीसारखे उंचावरून दूध घातले. मी काठोकाठ होते. तराजूत दूध निघाले बारा तोळे.

"म्या हात आखडला न्हाय वो," गजराबाई रडू लागली.

"तुम्ही नाही, फेसानं आखडला," प्रेमलाताई म्हणाल्या. "अक्का, थोडं थांबा, फेस बसू द्या. मग परत भरा."

त्या दिवसापासून पोरीला पुरे दूध मिळू लागले. पण तिला आता ओढता येत नव्हते. शांताक्का कापसाच्या बोळ्याने तोंडात थेंब सोडायची, ते ओठाच्या कडेने गळायचे. नवव्या दिवशी तिला आईशेजारी पुरले. मला लाज वाटली, मित्रांनो. अजून वाटते.

पुढे लिटरची मापे आली. लोकांनी जुनी मापे मोडीत घातली. शांताक्काने मला दिले नाही. गल्लीत कुणाच्या बाळाला वरचे दूध लावले, की ती मला घेऊन जाते. दूध ओतते आणि माझ्यासमोर बसून राहते. घाई करणाऱ्या आयांना म्हणते, "बस गं जरा. त्याला खाली बसू दी."

माझे एवढेच ऐका. काठोकाठ दिसले म्हणून मला भरलेले समजू नका. फेस बसेपर्यंत थांबा, आणि बाळ सुकत असेल तर बाळाआधी मला तराजूत घाला.

दर दिवाळीला शांताक्का घर सारवते. ती भिंत तेवढी सोडते.