उजव्या हाताची फिल्म

"वन्सं, फळी कापताय की हाड? जरा हळू."

"हाडं मी कापत नाही. नुसती बघते."

काम करून घ्यायचं असलं की वहिनी अशी अहोजाहो करायची, एरवी अगं-तुगं. नणंद दवाखान्यात एक्स-रे काढायची, सुतारकाम तिच्या बापजन्मात कुणी केलं नव्हतं. पण हातफळी म्हणजे तरी काय? वीतभराहून थोडी मोठी फळी. तळव्याखाली पट्ट्याने बांधायची, लाट उठली की हात पुढे करायचा आणि अंग पाण्यावर झोकून द्यायचं. दादाने त्याची इथेच, स्वयंपाकघराच्या टेबलावर केली होती. तो गेला त्या सकाळी ती त्याच्या हातात होती. समुद्राने दादाला परत दिलं, फळी ठेवून घेतली.

"त्याच्याच मापाची कर," वहिनी म्हणाली होती. "मला सैल होईल. होऊ दे."

आणि माप होतं.

श्वास घ्या.

दिवसभर परक्या छात्यांना ती हेच सांगायची. दादाचं बोट मोडलं तेव्हा फिल्म तिनेच काढली. हाताच्या फिल्मला श्वासाचं काही काम नसतं, पण सवयीने तोंडून निघून गेलं आणि तो हसला. करंगळी हलली. फिल्मवर बाकीची बोटं स्वच्छ, करंगळी धुरकट. तेवढं हसणं त्यात राहून गेलं.

ती फिल्म तिने खिडकीच्या काचेला चिकटवली. हाडांभोवती मांसाची फिकट सावली होती. वर कागद धरून तिने त्या सावलीवरून पेन्सिल फिरवली. करंगळीपाशी पेन्सिल अडली. तिथे कडाच नव्हती.

रोखून धरा.

फळी कापून झाली. अंगठ्यासाठी खाच झाली, तळवा बसेल असा वरून खोलगटपणा झाला, खालून गोलाई झाली. तरी नणंद घासतच राहिली.

"अगं, झिजवून संपवणार आहेस का?"

"कड बोचेल."

"बोचू दे."

"तिथेच जाणार तू?"

"मग कुठे, बादलीत?"

नणंद हसली नाही. काचकागद हातात तसाच. "आणि तू परत आली नाहीस तर?"

वहिनीने फळीवरचा भुसा फुंकला. "तुझ्याकडे माझ्या हाताची फिल्म नाही ना? मग यावंच लागेल मला."

तेल प्यायल्यावर फळी काळपट झाली. पट्टा ठोकला. वहिनीने उजवा हात घातला. अंगठा खाचेत बसेना. पुन्हा घातला. मग दोघींनी एकदमच खिडकीकडे पाहिलं.

फिल्मच्या कोपऱ्यातलं शिशाचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं दिसत होतं. कुठला हात ते कळावं म्हणून फिल्म काढताना ते अक्षर नणंदेनेच ठेवलेलं. हजारो हातापायांत तिचं डावं-उजवं कधी चुकलं नव्हतं. या वेळी मात्र काचेवर फिल्म उलटी लावली होती.

"दुसरी करते," ती म्हणाली, जरा घाईनेच. मनातून तिला बरं वाटलं. दुसरी व्हायला वेळ लागला असता.

वहिनीने फळी डाव्या हातात चढवली. बसली.

"राहू दे. आम्ही दोघं लाटेत जायचो ना, तेव्हा माझा उजवा हात त्याच्या हातात असायचा. तो मोकळाच हवा."

दुपारी नणंद ओल्या वाळूत उभी राहिली. वहिनी कमरेपर्यंत गेली, मग खांद्यापर्यंत. मागून लाट उठली, फुटली, आणि वहिनी दिसेनाशी झाली.

नुसता फेस.

फेसातून आधी फळी आली. मग डावा हात, मग डोकं. उजवा हात बाजूला ताणलेला, बोटं कुणाच्या तरी हाताभोवती मिटलेली. वहिनी हसत होती, नणंदेकडे नाही, आपल्या उजवीकडे बघून.

लाट वाळूला लागून ओसरली. नणंदेला अजून श्वास सोडता येईना.