टायरांची खोली

“काय गं, तूही स्त्रीवादी झालीस की काय?” सुपरवायझरने चहाचा कप खाली ठेवत विचारलं, आणि बस डेपोतले झाडून सगळे फिटर दात काढून हसले.

ब्रेक तपासणारी पोरगी एवढंच म्हणाली होती, की बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत रचलेले टायर हलवा. तीन आठवडे ती उभ्या बसच्या मागच्या सीटआड कपडे बदलत होती, आणि नेमका तेव्हाच कुणाचा तरी पाना त्या बसमध्ये हरवायचा.

नोकरी कायम व्हायला दोन महिने होते. शेरा सुपरवायझरच लिहिणार होता.

“छे हो साहेब, मी कसली त्यातली.”

खिडकीपलीकडे तिकीट विभागातली बाई उभी होती, डेपो तिला ‘तोफ’ म्हणायचा. ती खोली अकरा वर्षांपूर्वी हिनेच अर्ज करकरून मिळवलेली. बदल्यात मिळालं हे टोपणनाव, आणि जेवणाच्या टेबलावर एकटीची जागा. पोरगी ते रोज बघत होती. ‘स्त्रीवादी’ हा शब्द फुकटात मिळतो, वापरला की महाग पडतो.

तोफेने खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी पोरीने मोजपट्टी काढली. ब्रेकचं अस्तर पाच मिलिमीटरच्या खाली गेलं की गाडी सोडायची नाही, हा नियम. साडेचार मिलिमीटरला ‘चालतंय’ म्हणायचं, ही रीत. आज तिने रीत सोडली. नऊपर्यंत सहा गाड्या अडल्या. फाटकाशी प्रवासी सुपरवायझरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

“सूड उगवतेस?”

“मोजतेय, साहेब. तुम्ही सही करा, सोडते.”

सही त्याने केली नाही. तेवढा तो शहाणा होता.

पोरीने गुणगुणत सातव्या गाडीचं चाक उतरवलं. पहिल्या पगारालाही तिला इतकं गोड वाटलं नव्हतं.

“काय हवंय तुला?”

“टायर हलवा. अस्तरं बदला.”

“आणि उद्यापासून?”

“उद्याही मोजीन.”

काल ज्यांचे दात दिसले होते, त्यांच्याच खांद्यांवरून टायर बाहेर गेले. दुपारचं जेवण कुणाला मिळालं नाही.

संध्याकाळी तोफ खोलीत आली.

“ताई, मिळाली खोली.”

“दिसतंय.”

“काल मी ते... नोकरीचं होतं म्हणून...”

“कडी अडकते तिथली,” तोफ म्हणाली. “जरा वर उचलून लाव.”

पोरीने कडी उचलून लावली. मग दोघी दोन भिंतींकडे तोंड करून कपडे बदलू लागल्या.