देवाजवळचा दिवा आणि मॉडेमचा

"आय डोन्ट स्विच इट ऑफ!" दार उघडल्या उघडल्या अरुणाताईंनी बजावलं. मग समोरच्या माणसाच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली, चष्मा सरळ केला आणि तेच मराठीतून पुन्हा सांगितलं, "मी बंद करत नाही हो ते."

"करता म्हणालं कोण, काकू?" उल्हास बूट काढत म्हणाला.

म्हणणारे बरेच होते. तक्रार साधी होती. सप्टेंबरपासून अरुणाताईंचं इंटरनेट संध्याकाळी जायचं ते सकाळी यायचं. कंपनीनं पाठवलेला उल्हास चौथा माणूस. आधीचे तिघं भर दुपारी येऊन, मॉडेमवरचा हिरवा दिवा पाहून, 'दोष आढळला नाही' असं लिहून गेले होते.

उल्हास मूळचा नागपूरचा. इकडे परदेशात, कनाटा गावातल्या एका टेलिकॉम कंपनीत इंजिनियर म्हणून आला आणि दोनच वर्षांत, मंदीत, इतर शेकडो जणांबरोबर घरी बसला. त्यानंतरची नऊ वर्षं तो पांढरी व्हॅन घेऊन लोकांची घरं फिरत होता. सुरुवातीला तो नागपूरला फोनवर 'फील्डवर असतो' एवढंच मोघम सांगायचा. पुढे त्याला त्याचं काही वाटेनासं झालं. एखाद्या घरात पुन्हा इंटरनेट सुरू झालं की माणसांचे चेहरे खुलतात. तेवढं सुख ऑफिसात कधी मिळालं नव्हतं, असं तो बायकोला सांगायचा आणि ते खरंही होतं.

त्यानं वायर तपासली, बाहेरची पेटी उघडून पाहिली, मॉडेम बदलला. सगळं ठणठणीत.

"काय निघालं?" अरुणाताईंनी विचारलं.

"आत्ता तर काहीच नाही, काकू."

त्यांचा चेहरा पडला. खुर्ची ओढून त्या बसल्या.

"मग झालंच म्हणायचं. उन्मेष, माझा मुलगा, वॉटर्लूला सॉफ्टवेअरमध्ये आहे. रोज सात वाजता स्काइपवर यायचा. आता मी दिसतच नाही त्याला. म्हणतो, आई, यू आर पुलिंग द प्लग अँड फर्गेटिंग. तीन-तीन माणसं खोटं कशाला सांगतील? शनिवारी येतोय. तिथलं एक रिटायरमेंट होम दाखवायला नेतोय मला. नाव घालून ठेवलंय माझं. मग हे घर विकायचं."

"तुम्हाला जायचंय?"

"एकोणतीस वर्षं झाली ह्या घरात. आमचे हे गेल्यावरसुद्धा सहा विंटर दारातला बर्फ मी एकटीनं शोव्हल केलाय."  मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "पण खरं सांगू? आता मलाच वाटायला लागलंय. असेनही काढत प्लग. रोज सकाळी शेजाऱ्यांची नावं म्हणून बघते, आठवतात का म्हणून."

 यंत्रात दोष सापडला नाही तर तो वापरणाऱ्यावर ढकलायचा, ही त्याच्या धंद्यातली जुनी खोड. त्यानंही 'दोष आढळला नाही' हे वाक्य कितीतरी घरांत लिहिलं होतं. एका घराला पाऊण तास, असा साहेबाचा नियम. पाऊण तास संपत आला होता. तरी त्यानं विचारलं, "जातं ते नेमकं किती वाजता?"

"लिहून ठेवलंय की."

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून दिलं. रोजच्या चौकोनात, चतुर्थी-एकादशीच्या शेजारी, बारीक अक्षरात वेळ होती. वीस सप्टेंबर, सात वाजून दोन मिनिटं. दहा ऑक्टोबर, सहा पंचवीस. पाच नोव्हेंबर, पावणेसहा. आणि घड्याळं बदलली त्या रविवारपासून एकदम पावणेपाचच्या आत. उल्हासनं पानं पुढे-मागे केली. वेळ रोज मिनिट-दोन मिनिटांनी अलीकडे सरकत होती. विसराळू माणूस इतकं नेमानं विसरत नाही. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. सूर्य समोरच्या घराच्या छपराला टेकायला आला होता.

"काकू, दिवस मावळला की तुम्ही काय करता?"

"काय करणार? देवाजवळ दिवा लावते."

"कुठला दिवा?"

"निरांजन. आणि ते फिरणारं. ते रात्रभर चालू असतं, सकाळी पूजेला बंद करते."

स्वयंपाकघराशेजारच्या कपाटात त्यांचं देवघर होतं. पितळी गणपतीमागे रंगीत दिव्यांचं चक्र. भाचीनं, रश्मीनं, यंदा गणपतीत नागपूरहून आणलेलं. ते तिकडच्या विजेवरचं, म्हणून मधे एक जडशीळ ट्रान्सफॉर्मर बसवलेला. आणि कपाटाच्या मागच्या फळीला चिकटून, खिळ्याखिळ्यावर अडकवलेली, टेलिफोनची वायर गेली होती.

"हे आधीच्या लोकांना नाही सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं, एनी न्यू अप्लायन्स, मॅम? मी म्हटलं, नो. देव म्हणजे काय टोस्टर आहे?"

उल्हासला हसू आवरेना. त्यानं ऑफिसला फोन करून उशीर होईल असं कळवलं, पलीकडची कुरकुर ऐकून घेतली आणि व्हॅनमधून खिशात मावणारा रेडिओ आणला. विजेच्या वस्तूत बिघाड असला की रेडिओवर आधी खरखर येते, ही त्याची जुनी युक्ती. पण चक्र लगेच लावून बघू म्हटल्यावर अरुणाताई ठाम राहिल्या. दिवेलागण झाल्याशिवाय नाही. मग दोघं चहा घेत सूर्याची वाट बघत बसले.

साडेचारला अरुणाताईंनी हातपाय धुतले, निरांजन लावलं, हात जोडले आणि बटण दाबलं. चक्र फिरू लागलं. रेडिओ कर्कश खरखरला. मॉडेमवरचा हिरवा दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला.

"गेलं!" अरुणाताई ओरडल्या. "बघा, गेलं! मी हात तरी लावला का?"

इंटरनेट गेल्याचा एवढा आनंद उल्हासनं नऊ वर्षांत कुणाच्या तोंडावर पाहिला नव्हता. त्यानं बटण बंद केलं. दोन मिनिटांत हिरवा दिवा परत आला. खात्री म्हणून पुन्हा लावून पाहिलं, पुन्हा गेलं. तिसऱ्यांदा गरज नव्हती, पण अरुणाताईंना हवं होतं. तेव्हा मात्र त्या स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसत राहिल्या.

"ट्रान्सफॉर्मर खराब आहे, काकू. त्याची खरखर टेलिफोनच्या वायरमध्ये शिरते, आणि तुमचं इंटरनेट त्याच वायरमधून येतं. तुमचं डोकं शाबूत आहे."

"हे त्याला सांगा," त्या म्हणाल्या. "मी सांगून उपयोग नाही."

उन्मेष अजून ऑफिसात होता. लॅपटॉपवर त्याचा चेहरा उमटला, तो काळजीतच. "हाय. सो, वॉज शी अनप्लगिंग इट?"

उल्हासनं त्याला सगळं सांगितलं. वेळा वाचून दाखवल्या, रेडिओच्या खरखरीचं सांगितलं. शेवटी म्हणाला, "हे मी नाही शोधलं. तुमच्या आईंनी दोन महिने टिपून ठेवलं होतं. आम्ही कुणी वाचलंच नाही."

 उन्मेषची नजर खाली गेली. "आई," तो म्हणाला, "आय ॲम सो सॉरी. आय शुड हॅव लिसन्ड. मी... आय'ल कॉल देम. सॅटर्डे कॅन्सल करतो."

"तू नको," अरुणाताई म्हणाल्या. "मी करते."

त्या उठल्या. चष्मा टेबलावरच राहिला. भिंतीवरचा फोन घेतला, वॉटर्लूच्या कोडसकट दहाच्या दहा आकडे एका दमात दाबले. कुठे पाहिलं नाही, कुणाला विचारलं नाही. पडद्यावर उन्मेष आणि दाराशी उल्हास, दोघं ऐकत होते. पलीकडून कुणीतरी उचललं.

"गुड आफ्टरनून. धिस इज अरुणा देशकर, अबाउट सॅटर्डे," त्या ताठ उभ्या राहून म्हणाल्या. "नो, आय वोन्ट बी कमिंग. नो, नॉट नेक्स्ट वीक आयदर. प्लीज, यू कॅन टेक माय नेम ऑफ द लिस्ट."