सत्तावीस नंबरची भूक

“आज जायलाच हवं. काल संध्याकाळी त्याचं पाणी पिवळं पडलं होतं. उपाशी असणार बिचारा.”

बायकोचं हे वाक्य ऐकलं आणि मास्तरांच्या हातातली बशी अशी कलंडली की चहा थेट पायजम्यावर. रविवारची सकाळ होती. साऱ्या जगाच्या बायका घरात होत्या आणि मास्तरांची बायको आरशासमोर उभी राहून केस बांधत होती. कशासाठी, तर परक्या पुरुषाला जेवू घालायला जायचं म्हणून.

“मीपण उपाशी आहे,” मास्तर म्हणाले.

“भात झाकून ठेवलाय. कोमट करून घ्या.”

“त्याचं तू कोमट करून देतेस.”

“त्याला हात नाहीत हो,” बायको म्हणाली, पर्स खांद्याला लावली आणि गेलीसुद्धा.

हात नाहीत, पाय नाहीत, तोंड नाही, अशा इसमाशी वैर धरणारा नवरा पृथ्वीच्या पाठीवर एकच असावा, आणि तो म्हणजे आमचे शिंपी मास्तर. एरवी माणूस शांत. पँट शिवावी तर त्यांनीच. त्यांचं एक गिऱ्हाईक म्हणे एकदा विहिरीत पडता पडता पँटचा मागचा खिसा खिळ्याला अडकून लटकलं. चार माणसं दोर घेऊन येईपर्यंत ते तिथेच डुलत होतं, आणि वर काढलं तेव्हा खिळा वाकला होता, शिवण तसूभर उसवली नव्हती. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. पण असा पक्क्या टाक्याचा माणूस आतून उसवत चालला होता, हे मात्र खरं.

आता हा ‘तो’ कोण, ते सांगायला हवं. मास्तरांची बायको पुलापलीकडच्या संशोधन केंद्रात, लॅबमध्ये कामाला. तिथे माणसांच्या रोगांवरची नवी औषधं शोधतात. कुण्या एकाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. ऑपरेशनमध्ये निघालेल्या गाठीचा वाटाण्याएवढा तुकडा लॅबमध्ये आला. तिथे त्यातल्या पेशी सुट्या करून जेलीत बसवल्या आणि वर गुलाबी रस घातला. रस खाऊन पेशी वाढल्या आणि त्यांचे वाळूच्या कणाएवढे गोळे झाले. आता त्या गोळ्यांवर औषधांचा मारा करून बघायचं, कशाने मरतात आणि कशाला दाद देत नाहीत. जिवंत माणसावर बघण्याआधी इथे बघितलेलं बरं. तुकड्याचा धनी केव्हाच गेला होता. लॅबला तेवढंच कळवलेलं, नाव नाही, गाव नाही. डबीवर नंबर घातला सत्तावीस.

साहेबलोकांचा तो सत्तावीस नंबर. मास्तरांच्या बायकोचा ‘तो’.

दर दोन-तीन दिवसांनी त्याला ताजा रस लागायचा. रसाचा रंग उतरून पिवळा झाला, की समजायचं याने सगळं फस्त केलं. मग रविवार असो, घरी पाहुणे असोत, बाई निघाल्या. एकदा लॅबची वीज गेली, तेव्हा तर नवऱ्याच्या चपला घालून पळाली. त्याच आठवड्यात मास्तरांना ताप आला होता. त्यांना एक गोळी मिळाली आणि वर, “झोपा, उतरेल आपोआप.”

हे सगळं मास्तर कुणाला सांगणार? दुकानाशेजारी इस्त्रीवाला होता, त्याला सांगायचे. चूक तिथेच झाली. इस्त्रीवाला म्हणजे तापलेल्या कपड्यावर आणखी पाणी शिंपडून वाफ काढणारा.

“मास्तर, धडधाकट माणूस असता तर दोन ठेवून दिल्या असत्या. डबीतल्या माणसाला मारायचं कुठे?”

“औषधं मारतात की त्याला.”

“आणि मग?”

“अर्धी डबी मरते. उरलेली पुन्हा वाढते. शिवाय थोडा म्हणे गोठवून ठेवलाय. तू मी गेलो तरी तो असायचा.”

“म्हणजे तुमच्या मागे वहिनी आणि तो...”

“इस्त्री जळतेय तुझी,” मास्तर म्हणाले. इस्त्री जळत नव्हती. जळत काय होतं ते इस्त्रीवाल्याला बरोबर माहीत होतं.

त्या वर्षी सत्तावीसने भलतंच नाव काढलं. एका औषधाला भीक घालेना, दुसऱ्याला घालेना, आणि दोन्ही मिळून दिली तेव्हा एकदम नरम पडला. साहेबांनी कुठल्याशा मोठ्या सभेत जाऊन त्याच्यावर भाषण ठोकलं. बायको घरी आली ती आनंदाने लाल होऊन.

“पडद्यावर केवढा मोठा दाखवला होता त्याला! काय दिसत होता, सांगू!”

मास्तरांचा फोटो घरात एकच होता, तोही ओळखपत्राचा, त्यात एक कान कापला गेलेला.

असंच चालायचं होतं. पण पावसाळा सरता सरता मास्तरांना शौचावाटे रक्त पडू लागलं. चार दिवस त्यांनी लपवलं, पाचव्या दिवशी बायकोने पकडलं आणि ओढत इस्पितळात नेलं. दुर्बीण आत घालून बघितलं. आतड्यात मांसाचा कोंब निघाला, चांगला अंगठ्याच्या पेराएवढा. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतूनच काढू आणि तपासायला पाठवू, साधा आहे की वाईट ते पाच-सहा दिवसांत कळेल.

ते ऐकून बायको भिंतीला टेकली, मग पैसे भरायला खाली गेली. मास्तर खाटेवर, आणि बाजूला एक तरुण डॉक्टरीण कागद घेऊन उभी.

“काका, तपासणीला लागेल तेवढं आम्ही ठेवूच. उरलेला थोडा तुकडा संशोधनाला दिला तर चालेल? सक्ती नाही हं.”

“कुठे जाईल तो?”

“पुलापलीकडच्या केंद्रात.”

मास्तर ताडकन उठून बसले. “जेलीत घालतात तिथेच ना? रस वगैरे देतात?”

“हो... तुम्हाला कसं माहीत?”

“पेन आणा,” मास्तर म्हणाले. डॉक्टरीण पुढे कित्येक दिवस सांगत होती म्हणे, की आतड्याचा तुकडा देताना इतका खूश झालेला पेशंट तिने आयुष्यात पाहिला नव्हता.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं. ती पाण्याचा ग्लास भरत होती. ग्लास भरून वाहायला लागला तरी तिचा हात हलला नाही.

“मला विचारायचं तरी,” ती हळूच म्हणाली.

“त्याने विचारलं होतं तुला?”

लॅबमध्ये डब्या येतात त्यांवर नाव नसतं, नंबरच असतो. पण मास्तरांचा कोंब काढला त्या दिवशी त्या इस्पितळातून एकच डबी आली. तिला नंबर पडला एकतीस, आणि ती कुणाची हे बायकोला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने साहेबांना खरं काय ते सांगून टाकलं. साहेब म्हणाले, मग या डबीची कुठलीच नोंद तुम्ही करू नका, ती मी करीन. रस तेवढा घाला, तुमच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही.

मास्तरांची दिवाळखोर तब्येत एका रात्रीत सावकारासारखी झाली. सकाळी बायको लवकर निघाली की हे दारापर्यंत सोडायला. “निघालीस? जा, जा. वाट बघत असेन मी.” दुपारी दुकानात डबा खाऊन झाला, की समोरून दूध मागवायचे आणि वर केळी.

“एवढं कशाला हाणताय?” इस्त्रीवाल्याने विचारलं.

“तिकडे वाढायला नको?”

“मास्तर, तुम्ही जेवता इथे. पोट भरणार तिथे कसं?”

“मूळ माल तर एकच आहे ना,” मास्तर म्हणाले. इस्त्रीवाल्याने कपाळाला हात लावला आणि पुढची कॉलर दाबायला घेतली.

रिपोर्टची भीती मास्तरांना नव्हती असं नाही. पण मनात एका वेळी एकच पाहुणा राहू शकतो, आणि त्यांच्याकडे सत्तावीस पाय पसरून बसला होता. रोज संध्याकाळी बायको चप्पल काढते न काढते तोच प्रश्न तयार.

“वाढलो का?”

“नाही अजून.”

दुसऱ्या दिवशी, “आज?”

“नाही हो.”

मास्तरांनी निरखून पाहिलं. ‘नाही’ म्हणताना तिच्या आवाजात दुःख नव्हतं. तिसऱ्या दिवशी तर ‘नाही’ म्हणून ती चक्क दोन घास जास्त जेवली. चौथ्या दिवशी भांडी घासताना गुणगुणत होती. मास्तर अंथरुणावर पडून छताकडे बघत राहिले. मी सुकत चाललोय आणि ही गाणी म्हणते! सत्तावीसचा रंग जरा उतरला तर घास उतरत नाही हिला, आणि माझ्या वेळी?

रविवार उजाडला. मास्तर अंघोळ करून बाहेर आले तर बायको खिडकीशी उभी. हातात मोबाइल, त्यात काहीतरी बघतेय, आणि हसतेय. साधंसुधं नाही, लग्नानंतर पहिल्या वर्षी हसायची तसं. लॅबमधली पोरं तिला डब्यांचे फोटो पाठवतात, हे मास्तरांना ठाऊक होतं.

“त्याचाच ना?” मास्तर म्हणाले.

“काय?”

“फोटो. बघ, बघ. पोटभर बघ. माझं काय, मी मेलो तर सुटलीस. चार दिवस बघतोय मी. मी वाढत नाही म्हणून तुला आनंद होतो! नवरा नको झालाय तुला, तो नासका गोळा पाहिजे.”

बायकोचं हसू गेलं. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मोबाइल पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन अशी ओढली की दात तुटायचे राहिले.

“चपला घाला.”

“कुठे?”

“तुमची भेट घालून देते. त्याची आणि तुमची. चला.”

रस्ताभर ती दोन पावलं पुढे. केंद्राच्या पहारेकऱ्याने मास्तरांना वरपासून खालपर्यंत बघितलं. बायको म्हणाली, “माझे मिस्टर,” आणि तिने मास्तरांना एक पांढरा कोट चढवला. भुजेत सैल, लांबीला आखूड. शिवणही टुकार होती, पण आज मास्तरांचं लक्ष शिवणीकडे नव्हतं.

खोली लहान, थंड, स्वच्छ. उबेच्या कपाटातून तिने एक ताटली काढली आणि दुर्बिणीखाली ठेवली.

“बघा. सत्तावीस.”

मास्तरांनी डोळा लावला. काय सांगावं! नितळ, गोल, टपोरे गोळे, एकाला दुसरा फुटलेला, दुसऱ्याला तिसरा. कडा अशा चकचकीत, जणू आत दिवे लावलेत. जेलीत जागा उरली नव्हती. मास्तरांनी तोंड भरून शिवी दिली असती, पण दिसतच होता तसा. देखणा.

“आणि हे तुम्ही.”

दुसरी ताटली. मास्तर बघत राहिले. सकाळी दुकान झाडल्यावर सुपलीत जमतो तसला कचरा. काळपट चुरा, फाटके तुकडे, कुठे एखादा ठिपका, तोही आक्रसलेला. ते बराच वेळ शोधत होते, एखादा तरी धड गोळा सापडतो का. नाही सापडला.

“हरलो,” ते म्हणाले.

“हरलात?” बायको म्हणाली. “अहो, ते जे चमकतंय ना, ते डबीत जसं वाढलं तसंच त्या माणसाच्या पोटात वाढलं होतं. म्हणून तर तो माणूस नाही आणि हे आहे. मरायचं कसं तेच माहीत नाही याला. साधं शरीर असं हावरटासारखं वाढत नाही. ते दोन-चार दिवस तग धरतं आणि जातं.”

मास्तर वळले.

“साहेब म्हणतात, यावरून काही ठरवायचं नसतं. बरं शरीरही कधी वाढतं, वाईट गाठही कधी वाढत नाही. ठरवायचं ते रिपोर्टने. मला कळत नाही का? पण डोळ्यांना कोण समजावणार? चार दिवस सकाळी त्या दाराशी येऊन उभी राहायची मी, आत पाय टाकवेना. एक गोळा दिसला असता ना मला, एकच...” तिने पर्समधून मोबाइल काढला आणि त्यांच्यापुढे धरला. “सकाळी हे आलं. साधा कोंब. वाईट काही नाही. सांगणारच होते, तेवढ्यात तुम्ही सुरू झालात.”

मास्तरांनी वाचलं. मग चष्मा पुसून परत वाचलं. कोटाची बटणं लावली, मग सोडली.

“मी आपलं दूध पीत होतो,” ते शेवटी म्हणाले.

“माहितीय. इस्त्रीवाल्या भावजींनी सांगितलं मला.” ती हसली आणि लगेच मनगटाने डोळे पुसले.

एकतीस नंबर टाकून द्यायला साहेबांनी सांगितलंच होतं; मग तिने त्या ताटलीत कसलंतरी उग्र वासाचं पाणी ओतलं. गुलाबी रंग क्षणात उडाला. मास्तर आपल्या शरीराचा तो तुकडा कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात जाताना बघत होते. वाईट वाटलं म्हणावं तर तसं नाही. नाही म्हणावं तर तेही नाही.

परत त्यांनी पहिल्या दुर्बिणीला डोळा लावला. या वेळी बराच वेळ.

“याची बायको असेल ना कुठेतरी?”

“असेल. आम्हाला नंबर तेवढा कळतो.”

“तिला ठाऊक आहे, हा इथे आहे ते?”

बायकोने मान हलवली. कुणाला ठाऊक, अशी.

“तुम्ही व्हा पुढे,” ती म्हणाली. “याचं अजून तासभर लागेल. पाणी पिवळं पडलंय.”

“तू घाल त्याला. मी बसतो बाहेर.” आणि दाराशी जाऊन, सवय कुठे जाते, “जरा हात राखून घाल हो. रविवारी माणसाने थोडं कमीच खावं.”

बाहेर काचेपलीकडे एक स्टूल होतं. मास्तर त्यावर बसले. बायकोची पर्स त्यांनी मांडीवर घेतली. आत ती कोपर टेकून वाकली होती, ताटलीतला जुना रस थेंबाथेंबाने काढत होती, नवा घालत होती, आणि तिचे ओठ हलत होते. काहीतरी बोलत होती ती त्याच्याशी.

मास्तरांनी तोंड वळवलं. शेजारच्या घरात नवरा-बायको बोलत असावीत आणि खिडकी उघडी राहिलेली असावी, तेव्हा वळवतात तसं.