तुळशीरामच्या चाकाची धाव

"तू सोड, जिजा. तुला नाय जमायचा," तुळशीराम म्हणाला.

"मंग तिसरा कोण हाय इथं?" दाजी लोहाराने विचारले आणि लांब दांड्याची सांडशी जिजाच्या हातात दिली.

विचुंब्यात दाजीच्या भट्टीसमोर शेणी रचून आग केली होती. आगीत तुळशीरामच्या गाडीच्या चाकाची लोखंडी धाव, म्हणजे चाकावर चढवायचे कडे, लाल झाली होती. शेजारी लाकडी चाक जमिनीवर आडवे ठेवलेले. तिघांनी तीन बाजूंनी धाव उचलायची, चाकावर टेकवायची, ठोकून खाली बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. मग लोखंड आवळते आणि लाकडाला सोडत नाही.

पूर्वी धाव तापली की आळीतले पुरुष न बोलावता यायचे. पाणी ओतायला दाजीची बायको हौसा असायची. हौसा वारली. पुरुष आता सकाळीच गाव सोडत, कुणी रस्त्याच्या कामावर, कुणी मोटारीने ठाण्याकडच्या कारखान्यात. दाजीचा मुलगा कमळाकर पनवेलला खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या दुकानात होता. दुपारी येतो म्हणाला होता, आला नाही. कातकरवाडीची जिजा कोळशाची पाटी ओतून निघाली होती. तिलाच दाजीने थांबवले.

"मी बोललो की उचला," दाजी म्हणाला. "उचला."

धाव वर आली. दोन पावले नीट पडली. तिसऱ्या पावलाला दाजीच्या डाव्या हातातला जोर गेला. दुखले नाही, नुसता जोर गेला. त्याला आपला हात दिसत होता आणि सांडशी उघडताना दिसत होती. धाव कलंडली, चाकाच्या कडेवर आपटली आणि तिथून जिजाच्या पायावर आली.

जिजाने पाय ओढून घेतला आणि मटकन खाली बसली. तुळशीरामने हंड्यातले पाणी तिच्या पायावर ओतले. मग त्याने चाकाकडे पाहिले. लाकूड पेटले होते. उरलेले पाणी तिकडे गेले. धाव मातीत पडून काळी होत राहिली.

दाजी उभाच होता.

"बसा दाजी," तुळशीराम म्हणाला. चाकाच्या घेराचा एक लाकडी पाटा जळून तडकला होता. त्यावरून त्याने बोट फिरवले. "तुमचा काय चुकला नाय. माणसाच नव्हती."

"नवीन पाटा घालतो. उद्या परत तापवू."

"ऱ्हाऊ द्या आता." तुळशीरामने चाकावरची राख झटकली. मग म्हणाला, "मी तसापन रबरी चाकांचा विचारून आलो होतो पनवेलला. तुमाला कसा सांगू, म्हनून हा एक चाक आनला."

दाजीने मान हलवली. तुळशीरामने चाक उभे केले आणि ढकलत घेऊन गेला. दाजीने मागे वळून पाहिले, तोवर जिजाही निघाली होती. एका टाचेवर भार देत, बांधाला धरून ती शेतातून वाडीकडे चालली होती. रिकामी पाटी तशीच राहिली.

दाजीने ती उचलली. भट्टीतले निखारे विझवायचे राहिले होते. त्याने ते विझवले नाहीत. तो ओट्यावर बसून राहिला आणि मनात काही येते का याची वाट पाहिली. काही आले नाही. हौसा गेली तेव्हाही असेच झाले होते. लोक रडत होते आणि हा कोपऱ्यात कुणाच्या तरी नांगराचा फाळ पुसत बसला होता.

ऊन उतरल्यावर तो पाटी घेऊन कातकरवाडीवर गेला. जिजा झोपडीबाहेर पाय लांब करून बसली होती. पायावर कसला तरी पाला वाटून लावला होता. बोटे सुजली होती.

"पाटी आनली," दाजी म्हणाला.

"कशाला आलास एवढ्यासाठी? मी आली असती."

"कवा चालशील?"

"चालन." तिने झोपडीला टेकवलेल्या लाकडाच्या मोळीकडे पाहिले. "उद्या बाजार हाय. त्याच्यावरच आमची चूल पेटते."

दाजी खाली बसला. जिजाने त्याला पाणी विचारले नाही. वाडीवर येणारा गावचा माणूस कातकऱ्यांच्या हातचे पाणी घेत नसे. दाजीने स्वतःच मागितले. तिने जरा थांबून घागरीकडे हात केला, तेव्हा त्याने उठून ओतून घेतले आणि तो प्यायला.

"कोळसा परवा आनू का?" तिने विचारले.

"नको."

"मंग कवा?"

"नकोच आता."

जिजाचा आजा, बाप, सगळ्यांचा कोळसा दाजीच्या भट्टीत गेला होता. ती सुजलेल्या पायावरच्या माशा हाकत राहिली.

सकाळी दाजी पुन्हा वाडीवर गेला. डोक्यावर पंच्याची चुंबळ ठेवून त्याने जिजाची मोळी उचलली.

"लोक काय बोलतील तुला?" ती म्हणाली.

"बोलू देत."

पनवेलच्या वाटेवर गावातल्या दोघीतिघी भेटल्या. त्यांनी पाहिले आणि पुढे गेल्या. बाजाराच्या तोंडाशी एका दुकानापुढे तुळशीरामची गाडी उभी होती. बैल सोडलेले, एका उसन्या चाकावर इथवर आणलेली गाडी दगडांवर टेकवलेली, खाली रबरी चाके घालण्याचे काम चाललेले. तुळशीराम धावत आला.

"दाजी, हे काय? खाली ठेवा ती."

"जिजाची मोळी हाय. तिला चालता येत नाय."

"मी पोचवतो."

"तुजी गाडी तर दगडांवर हाय," दाजी म्हणाला. त्यात राग नव्हता. तो पुढे चालू लागला.

लाकडे विकणाऱ्या कातकऱ्यांची रांग तळ्याच्या बाजूला होती. एका बाईने आपली मोळी सरकवून त्याला जागा दिली. तो मोळी उभी धरून थांबला. बऱ्याच वेळाने टोपी घातलेला, हातात पिशवी घेतलेला एक गृहस्थ पुढे आला. त्याने मोळीतले एक लाकूड नखाने खरवडले.

"काय रे, सुकं आहे ना?"

गावात त्याला 'रे' म्हणणारे आता कुणी जिवंत नव्हते.

"सुका हाय," दाजी म्हणाला.

"चल मग. घरापर्यंत आणून टाकावं लागेल. माडीवर."

दाजी खाली वाकला. डावा हात आता वर येईना, म्हणून शेजारच्या बाईने मोळीला हात लावून ती डोक्यावर चढवून दिली. त्याने तोल सावरला आणि त्या गृहस्थाच्या मागोमाग चालू लागला.