भाऊरावांनी सुधारलेली तार

भाऊराव लाईनमनच्या नोकरीतून रिटायर झाले होते, तरी अमडापुरात कुणाची मोटर उलटी फिरली की अजून त्यांनाच हाक यायची. उमर विजेच्या खांबांवर गेलेली. तारेच्या बाबतीत त्यांचा एकच कायदा होता: या टोकाला जो रंग, त्या टोकाला तोच. या कायद्यापायी ते एकदा सख्ख्या साडूशी भांडले होते आणि साडू अजूनही त्यांच्याकडे चहा घेत नाही.

त्यामुळे सून सारिका नेटच्या वायरिंगचं काम शिकून आली, तेव्हा घरात सगळ्यात जास्त हुरूप भाऊरावांनाच चढला. मुलगा प्रसेनजित नांदुऱ्याला नोकरीला, आणि स्क्रू कोणत्या बाजूला फिरवायचा हे त्याला अजून नीट कळलेलं नाही. सुनेच्या रूपानं घरात अखेर एक कारागीर आला होता. तारेच्या टोकाला जॅक कसा बसवायचा, हे तिनं सासऱ्यांना शिकवलं. आठ बारीक तारा, आठ रंग, आधी नारिंगी पट्ट्याची, मग नारिंगी, मग हिरव्या पट्ट्याची. भाऊराव दात घासतानाही हा क्रम पुटपुटायचे.

सारिकेला पहिलं काम मिळालं ते कडूबाकडे. कडूबा भाजीपाला पिकवायचा आणि बाजारात स्वतः बसून विकायचा. वांग्यासोबत तो जे सांगेल ते सांजेपर्यंत चिखलीला पोचलेलं असायचं. त्याचं काम नीट झालं तर सारिकेला गावभर काम मिळणार होतं, आणि बिघडलं तर तेही गावभर होणार होतं.

काम देतानाच कडूबा म्हणाला, "भाऊराव, तू हायेस म्हणून देऊन राह्यलो बरं. नाहीतर बाईमाणसाच्या हातचं वायरिंग म्या काही पाह्यलं नाही."

सारिका हसली आणि तिनं पिशवीतून मापाची टेप काढली. भाऊरावांना मात्र ते बोलणं फार लागलं. राबणार ती आणि नाव आपलं, ही कुठली रीत?

त्यात काम घाईचं. कडूबाची लेक प्राची नाशिकला, आणि रविवारी दुपारी तिच्या मुलीचं बारसं. कडूबाची बायको गीताबाई पाय प्लास्टरमध्ये घालून मागच्या खोलीत पडलेली. तिला नातीचं बारसं व्हिडिओ कॉलनं टीव्हीवर पाहायचं होतं. पण नेट पुढच्या खोलीत, मध्ये हातभर जाडीच्या भिंती, आणि वायफाय ओसरीतच दम तोडायचं. कडूबाच्या पुतण्यानं बंद पडलेल्या कुठल्याशा सायबर कॅफेतले दोन जुने स्विच फुकटात आणले होते. स्विच म्हणजे एका तारेच्या अनेक तारा करून देणारा डबा. एक डबा पुढे मोडेमपाशी, एक मागे टीव्हीपाशी, आणि दोघांच्या मध्ये एक लांब तार, असं सारिकेनं ठरवलं. मापं घेऊन शनिवारी तिनं सगळ्या तारा घरीच तयार केल्या आणि ती भाजी आणायला बाहेर पडली.

भाऊरावांनी सहज म्हणून तारा हाती घेतल्या. लहान तारा झकास होत्या. लांब तार पाहिली आणि ते चमकले. एका टोकाला सुरुवात नारिंगीची, दुसऱ्या टोकाला हिरव्याची! त्यांनी तारेच्या दोन्ही टोकांना सारिकेचा दिव्यांचा टेस्टर लावला. इकडे एकचा दिवा लागला तर तिकडे तीनचा, इकडे दोनचा तर तिकडे सहाचा. पोरीची घाईत चूक झाली होती. उद्या कडूबासमोर काय शोभा होणार!

तिला सांगावं तर पहिल्याच कामाला तिचा जीव खट्टू होणार. त्यापेक्षा न बोलता सुधारलेलं बरं. त्यांनी हिरवं टोक कापलं, जॅक शर्टाच्या खिशात टाकला आणि नवा जॅक बसवला, नारिंगीपासून. आता दिवे शाळेतल्या पोरांसारखे ओळीनं लागत गेले. त्या दिवशी भाऊराव दोन पोळ्या जास्त जेवले.

रविवारी कडूबाच्या घरी तारा ठोकून झाल्या. पुढच्या खोलीत नेट धावू लागलं. मागच्या टीव्हीवर मात्र काही केल्या चित्र येईना. दोन्ही डब्यांवर मधल्या लांब तारेचा दिवाच लागत नव्हता.

"प्राचीचा फोन येऊन राह्यला," गीताबाई खाटेवरून कळवळली. "पाळणा सजला म्हणते."

सारिकेनं लांब तार काढून टेस्टरला लावली. दिवे ओळीनं लागले. तिनं दोन्ही टोकं डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, मग हळूच सासऱ्यांकडे पाहिलं.

"काका," ती कडूबाला म्हणाली, "माहीच चूक झाली. टोक बदलवा लागते."

"म्या म्हणलं नव्हतं?" कडूबानं फोन काढला. "चिखलीच्या पोराले बोलावतो आता."

"पण सारिका, तार तर सरळ हाये!" भाऊराव कुजबुजले.

"तेच तर, मामाजी. हे दोन्ही डबे सारखेच. दोघंही तीन-सहावर बोलतात अन् एक-दोनवर ऐकतात. सरळ तार लावली तर एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडालेच लागते, कानाले लागतच नाही. मोडेम याच्या उलटा, त्याले सरळ तार चालते. नवे डबे आपलं आपण समजून घेतात, पण हे जुने. इथं तारा अदलाबदल कराच लागतात."

"म्हणजे मोटरचे दोन फेज बदलवतो तसं?"

"तसंच समजा."

भाऊराव गारच पडले. गावातल्या निम्म्या मोटरी त्यांनी दोन तारांची अदलाबदल करून सुलट्या केल्या होत्या, आणि सुनेनं तेच केलं तर ते कापून मोकळे झाले होते! वर ती पोर त्यांचा दोष स्वतःच्या अंगावर घेत होती. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला आणि तिचं त्याहून जास्त कौतुक वाटलं.

"ठेव बे तो फोन!" ते कडूबावर ओरडले. कालचाच शर्ट अंगात होता. खिशातून कापलेला जॅक काढून त्यांनी कडूबाच्या तळहातावर ठेवला. "हे तिनं बसवलेलं टोक. एकदम बरोबर होतं. म्या शहाणपणा करून कापलं. तिची काहीच चूक नाही. ती मले झाकून राह्यली."

कडूबा कधी जॅककडे पाही, कधी भाऊरावांकडे. मग तो असा खदखदून हसला की खाटेवरची गीताबाईही हसू लागली.

सारिकेनं जॅक दाबायची पकड सासऱ्यांपुढे धरली. "तुमीच बसवा, मामाजी. या टोकाले हिरव्यापासून."

भाऊरावांचा हात हिरव्यावर अडखळला, पण ती रंग सांगत गेली आणि ते लावत गेले. टेस्टरचे दिवे वेडेवाकडे उड्या मारू लागले, आणि भाऊरावांना ते आज फार गोजिरे वाटले. तार जोडली, दोन्ही डब्यांवर दिवे लागले आणि टीव्हीवर पाळणा आला. प्राचीची नणंद वाकून बाळाच्या कानात नाव सांगत होती.

"काय ठेवलं वं? मले नाही ऐकू आलं!" गीताबाई ओरडली.

"सुचिता!" प्राचीचा आवाज खोलीभर घुमला. गीताबाईनं पदरात तोंड लपवलं आणि मनसोक्त रडून घेतलं.

पुढच्या बाजारात कडूबानं ही हकिकत इतकी रंगवली, की गिऱ्हाईकं भाजी घ्यायची विसरून भाऊरावांवर हसत होती. भाऊराव दिवसभर घराबाहेर पडले नाहीत. संध्याकाळी त्यांचा फोन वाजला.

"कोणाची मोटर?" त्यांनी सवयीनं विचारलं.

"मोटर नाही जी. कडूबानं नंबर देल्ला. सारिकाबाई हायेत काय? नेटचं काम होतं."

भाऊरावांच्या फोनवर आजवर कुणी दुसऱ्या कुणाविषयी विचारलं नव्हतं. "हायेत ना! थांबा, देतो," म्हणत ते चपला न घालताच अंगणात धावले.